गोळ्या डॉक्टरांच्या, काढा वैद्यांचा आणि नोंद आपल्या फोनवर

गेल्या वर्षी एका एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आईचा फोन आला. अण्णा घामानं भिजले होते, हात थरथरत होते आणि विचारलं एक की सांगत होते भलतंच. गाव कोरेगाव तालुक्यातलं, मी साताऱ्यात गोडोलीला. चुलतभावानं गाडी काढून त्यांना दवाखान्यात आणलं. बोटातून रक्त काढून पाहिलं तर साखर ४८, म्हणजे फारच उतरलेली. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि थोड्या वेळानं अण्णांनी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, "म्हशीचं कुणी बघितलं का?"

डॉक्टरांनी मला विचारलं, "गोळ्यांशिवाय आणखी काय घेतात?" मी छातीठोकपणे म्हणाले, "काही नाही." आई खाली बघत होती. मग एकेक निघालं. तीन आठवडे रोज सकाळी कारलं-जांभळाचा रस. वैद्यांनी दिलेलं एक चूर्ण. गुडघ्यासाठी आठवडी बाजारातून आणलेली कागदाची पुडी. वर एकादशीचा कडक उपवास, साखरेची गोळी मात्र नेहमीसारखी. अण्णांचं म्हणणं एकच, "औषध कुठं हाय ते, पाला हाय नुसता."

डॉक्टरांनी सगळं खापर रसावर फोडलं नाही. उपवास, गोळी आणि रस, तिन्ही एकत्र आलं असं ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी वैद्यांकडे गेले, भांडायच्याच तयारीनं. तेही तितकेच वैतागले, कारण साखरेची गोळी दोन महिन्यांपूर्वी वाढवली होती हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या कागदावर जुनाच डोस होता. म्हणजे डॉक्टरांना वैद्यांचं माहीत नाही, वैद्यांना डॉक्टरांचं नाही, आणि दोघांमधला निरोप्या कोण, तर ज्यांना चूर्ण हे औषधच वाटत नाही ते अण्णा.

त्यानंतर मी तीन रविवार बसून हा सगळा कारभार फोनवर आणला. कोणती पॅथी खरी हा वाद इथं नाही, तो आमच्या घरी जेवताना रोज होतो. ज्यांच्या घरात दोन्ही उपचार चालू आहेत आणि चालूच राहणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. डोस कमी-जास्त करायचं काम माझं नाही, तुमचंही नाही.

आधी हाताशी काय काय हवं

- आजाऱ्याचं आधार कार्ड, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असलेला फोन. तो फोन त्याच खोलीत हवा. आमचा गेला होता पुण्याला, भावाबरोबर.
- बरा कॅमेरा असलेला स्मार्टफोन.
- मागच्या वर्षभराचे रिपोर्ट, चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड. गादीखालचेसुद्धा.
- घरातली झाडून सगळी औषधं.
- शंभर पानी वही. फोन असला तरी वही लागतेच.
- दंडाला बांधायचं बीपीचं मशीन आणि ग्लुकोमीटर.
- विमा असेल तर पॉलिसीचा कागद.

१. घरातलं सगळं एका परातीत काढा

खरंच परात घ्या. कपाट, देव्हाऱ्यामागचा कोनाडा, फ्रिजचं दार, सदऱ्याचा खिसा, शेतातली खोपी, सगळीकडून गोळा करा. आमच्या परातीत एकोणीस वस्तू निघाल्या. त्यातल्या चार मुदत संपलेल्या आणि दोन एकच औषध, फक्त कंपन्या वेगळ्या. अण्णा दोन्ही घेत होते.

आता प्रत्येक बाटली, पाकीट, डबी यांच्या लेबलचा फोटो काढा, पुढून आणि मागून. आयुर्वेदिक औषध असेल तर लेबलवर घटक, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख आणि मुदत असायला हवी. काही औषधांत वत्सनाभ, कुचला, भल्लातक असे विषारी म्हणून नोंदलेले घटक शुद्ध करून वापरलेले असतात. त्यांच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्या अशी सूचना असते. ती ओळ दिसली की त्या औषधापुढं तांबडी खूण करा.

इथं तीन सापळे आहेत.

पहिला, बिनलेबलची पुडी. "गुडघा आठ दिवसांत पळायला लागतो" म्हणून मिळणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक गोळ्यांची भुकटी मिसळल्याचे प्रकार सापडलेले आहेत. स्टेरॉइडनं साखर चढते, आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं तर जीवावर बेततं. म्हणून बरेच दिवस चाललेली पुडी असेल तर ती उकिरड्यावर टाकून मोकळं होऊ नका. उरलेली पुडी तशीच घेऊन डॉक्टरांकडे जा.

दुसरा, गोड औषधं. च्यवनप्राश, बाकीचे अवलेह, आसव-अरिष्ट यांत गूळ किंवा साखर असते, आणि आसव-अरिष्टांत आंबवण्यातून आपोआप तयार झालेला मद्यांशही असतो. अण्णा चहा बिनसाखरेचा पीत आणि वर दोन चमचे च्यवनप्राश चाटत.

तिसरा, जाहिरात. मधुमेह बरा करतो असा जाहीर दावा करायला १९५४ च्या औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांविषयीच्या कायद्यानं बंदी आहे. तेव्हा ज्या बाटलीवर किंवा ज्या व्हॉट्सॲप निरोपात "शुगर मुळापासून खलास" असं लिहिलेलं असेल, तिथं पहिली गडबड औषधाच्या आधीच झालेली आहे.

२. एकच यादी करा, आणि त्यात पालाही लिहा

या लेखातलं काहीच करायला वेळ नसेल तर एवढं करा. बाकीचं सगळं या यादीची वाहतूक आहे.

एका पानावर पाच रकाने : काय घेतो, किती, कधी, कधीपासून, कुणी सांगितलं. शेवटचा रकाना सोडू नका. "शेजारच्या मावशींनी" हेसुद्धा उत्तर आहे आणि ते लिहायचं. आमच्या यादीतल्या काही ओळी अशा होत्या :

- साखरेची गोळी (नाव आणि मिलिग्रॅम पाकिटावरून), सकाळी नाश्त्याआधी एक, सप्टेंबरपासून वाढवलेली, फिजिशियन
- बीपीची गोळी, सकाळी एक, सहा वर्षं, फिजिशियन
- चूर्ण, अर्धा चमचा कोमट पाण्यातून, दोन वेळा जेवणानंतर, जूनपासून, वैद्य
- कारलं-जांभूळ रस, अर्धा पेला, उपाशीपोटी, तीन आठवडे, शेजारी
- गुडघ्याला तेल, रात्री, दोन वर्षं, आई
- इसबगोल, एक चमचा, रात्री, आठवत नाही, स्वतः

यादीच्या डोक्यावर नाव, वय, वजन, रक्तगट, कशाची ॲलर्जी आहे ते, आणि यादी केल्याची तारीख. तारीख नसेल तर ती यादी नसून आठवण आहे. बदल झाला की जुन्या ओळीवर खाडाखोड करू नका. नवीन पान घ्या, नवा फोटो काढा. एक प्रत फोनमध्ये, एक आजाऱ्याच्या पाकिटात, एक फ्रिजच्या दारावर. दवाखान्यात धावपळीत नेलेल्या माणसाचा फोन लॉक असतो, खिशातला कागद लॉक नसतो.

"पाला" लिहून घेण्याची एक युक्ती सांगते. "औषधं कोणती घेता?" असं विचारलंत तर उत्तर अर्धंच येतं. "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं?" असं विचारा. मग गुळवेल निघते, कडुलिंबाचा रस निघतो, मेथीचे भिजवलेले दाणे निघतात.

३. आभा क्रमांक काढा

आभा म्हणजे आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा १४ अंकी क्रमांक. ही योजना देशभर २७ सप्टेंबर २०२१ ला सुरू झाली. क्रमांक फुकट मिळतो. आभाच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा आभा ॲपवर आधारचा ओटीपी टाकून पाच मिनिटांत निघतो. नाही जमलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारा. क्रमांकाबरोबर एक आभा पत्ताही घ्यायचा असतो, साधारण ईमेलच्या पत्त्यासारखा. तो लक्षात राहील असा घ्या, चौदा अंक कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.

घोळ कुठं होतात ते सांगते.

आधारला जोडलेला नंबर जुना असतो. आमच्या अण्णांचा नंबर ज्या सिमचा होता ते सिम विहिरीत पडून चार वर्षं झाली होती. अशा वेळी आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्यावा लागतो. त्या दिवशी दुसरं कुठलंच काम काढू नका, रांग मोठी असते.

आभा आणि आयुष्मान कार्ड एकच समजतात. आयुष्मान कार्ड हे रुग्णालयातल्या खर्चाचं संरक्षण, ते पात्र कुटुंबांना मिळतं. आभा ही नुसती कागदपत्रांची खुंटी, ती कुणालाही मिळते आणि तिच्यावर एक रुपयाचाही उपचार होत नाही. आभा काढलं म्हणून ऑपरेशन फुकट होईल असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतोय किंवा स्वतः फसलाय.

एका माणसाचे दोन-तीन आभा निघतात, एकदा शिबिरात, एकदा ओपीडीत, एकदा भाच्यानं मोबाइलवर. मग रिपोर्ट एकाला जोडलेले आणि आपण बघतो दुसऱ्यात. नवीन काढण्याआधी जुना आहे का ते आधारवरून बघून घ्या. अडलात तर १४४७७ ही मदतवाहिनी आहे.

आणि ओटीपी फोनवरून कुणालाही सांगायचा नाही. "आभा अपडेट करायचंय" म्हणून फोन आला तरी नाही.

४. समोरचा डॉक्टर नोंदणीकृत आहे ना, ते बघा

बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीयूएमएस (युनानी) यांची नोंदणी महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे असते, बीएचएमएसची (होमिओपॅथी) महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेकडे, एमबीबीएसची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. नोंदणी क्रमांक दवाखान्यातल्या प्रमाणपत्रावर आणि सहसा चिठ्ठीवर असतो. तो बिचकत विचारायची गरज नाही, चांगला वैद्य उलट खूश होतो. आभाच्याच व्यवस्थेत आरोग्य व्यावसायिकांची एक नोंदवही आहे, त्यात ॲलोपॅथीबरोबर आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथीचे डॉक्टरही नाव घालू शकतात. पण तिथं नाव नाही म्हणजे डॉक्टर खोटा असं समजू नका. बऱ्याच जुन्या वैद्यांनी तिकडं वळूनही पाहिलेलं नाही. परिषदेचा क्रमांक महत्त्वाचा.

जाता जाता, आपल्या साताऱ्यात आयुर्वेदाचं जुनं कॉलेज आहे, त्याचं नावच आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय. आर्य आणि आंग्ल, दोन्ही एका पाटीवर. त्या पाटीखालून मी शंभरदा गेले असेन, अर्थ यंदा डोक्यात शिरला.

५. कागद आभात चढवा

कागद दोन वाटांनी आत येतात. एक, रुग्णालयाचं सॉफ्टवेअर आभाशी जोडलेलं असेल तर रिपोर्ट तिथूनच जोडला जातो. अशा ठिकाणी ओपीडीच्या खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला असतो. आभा ॲपमधून तो स्कॅन केला की नाव-पत्ता आपोआप जातो आणि टोकन नंबर फोनवर येतो. सोमवारी सकाळच्या गर्दीत याची किंमत कळते. केस पेपर काढताना "आभाला जोडा" असं तोंडानं सांगा, सांगितल्याशिवाय बऱ्याचदा होत नाही.

दोन, आपण स्वतः फोटो काढून चढवायचे. खासगी दवाखान्यांतले आणि वैद्यांकडचे बहुतेक कागद याच वाटेनं येणार, कारण तिथं अजून पेन आणि पॅडच आहे. फोटो काढताना कागद दिवसाच्या उजेडात जमिनीवर ठेवा, वरून सरळ काढा, चारही कोपरे दिसू देत. फाइलला नाव द्या : वर्ष, महिना, दिवस, मग काय आहे ते. "२०२५-०९-१२ साखर रिपोर्ट" असं. नाव न देता टाकलेले चाळीस फोटो आणि गादीखालचे कागद यांत फरक काय?

वैद्यांच्या चिठ्ठीवर चूर्णाचं नाव नसेल, नुसतं "चूर्ण क्र. ३" असेल, तर घटक लिहून मागा. आमच्या वैद्यांनी आधी कुरकुर केली, मग स्वतःच्या अक्षरात पाच ओळी लिहून दिल्या.

सरकारी आयुष (आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी) रुग्णालयाच्या कागदावर आजाराच्या नावापुढं एखादा सांकेतिक क्रमांक दिसला तर गोंधळू नका. आयुर्वेदातल्या निदानांना ठरावीक संज्ञा आणि संकेत देण्याचं काम आयुष मंत्रालयाच्या 'नमस्ते' पोर्टलवर आधीच झालेलं आहे. १० जानेवारी २०२४ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीचे संकेत आले. फायदा असा की वैद्यांनी लिहिलेला आमवात आणि डॉक्टरांनी लिहिलेली सांधेदुखी एकाच नोंदीत आपापल्या नावानं राहू शकतात. कोरेगावच्या दवाखान्यात हे पोचायला वेळ आहे, पण दिशा ती आहे.

संमतीचं नीट समजून घ्या. आभात सगळे कागद सरकारच्या एका गोदामात जाऊन पडत नाहीत. ज्या रुग्णालयानं रिपोर्ट केला तो त्यांच्याकडेच राहतो, आणि दुसऱ्या डॉक्टरांना बघायचा असेल तर तुमच्या फोनवर विनंती येते. कोणते कागद, कोणत्या काळातले, किती दिवस बघू द्यायचे हे तुम्ही ठरवता, आणि दिलेली परवानगी मागेही घेता येते. घाईत "हो हो" दाबत जाऊ नका. मी पहिल्या वेळी एका डॉक्टरांना वर्षभराची मुभा देऊन बसले होते, त्यांना हवा होता एक रिपोर्ट.

६. फोनवरचा सल्ला कुठवर पुरतो

ई-संजीवनी ही सरकारी मोफत सेवा आहे. मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून नोंदणी, मग रांगेत टोकन, मग व्हिडिओवर डॉक्टर, शेवटी चिठ्ठी फोनवर. घरून नेटवर्क नसेल तर, आणि जावळी-पाटणच्या डोंगरात ते कुठं कुठं नसतंच, उपकेंद्रात जा. आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी तिथूनच ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी गाठ घालून देतात. आणि गंमत म्हणजे आपल्या राज्यात यातले बरेच अधिकारी शिक्षणानं बीएएमएस आहेत. आमच्या मॅडमना अण्णांच्या यादीतलं चूर्णही कळलं आणि गोळीही कळली. दोन्ही भाषा येणारं माणूस गावातच बसलंय आणि आपण ते सोडून साताऱ्याला धावतो.

बोलण्याआधी यादी समोर धरा. पहिल्या वाक्यात वय, चालू आजार आणि आजचा त्रास सांगा. प्रस्तावनेत पाच मिनिटं जातात आणि नेमका तेव्हाच आवाज तुटतो.

वैद्यांचा सल्लाही फोनवर घेता येतो. २०२० च्या एप्रिलमध्ये आयुर्वेद-युनानीच्या डॉक्टरांसाठीही दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं आली. पण नाडी फोनवर लागत नाही. आमचे वैद्य पहिली भेट समक्षच घेतात, पुढचं फोनवर, आणि मला ते पटतं. फोटो पाहून काढ्याचे तीन महिन्यांचे कोर्स कुरियरनं पाठवणाऱ्यांपासून लांब राहा.

छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय एकाएकी लुळा पडणं, धाप, बेशुद्धी, यांत ॲप उघडायचं नाही. १०८.

७. दोघांनाही दुसऱ्याचं सांगा

सगळ्यात अवघड पायरी हीच, कारण इथं फोन कामाचा नाही, तोंड उघडावं लागतं. ॲलोपॅथीचे डॉक्टर ओरडतील म्हणून लोक काढा लपवतात आणि वैद्य नाराज होतील म्हणून गोळ्या. मी काय केलं, तर फोन सरळ डॉक्टरांच्या पुढं ठेवला आणि म्हटलं, "एवढं सगळं चालू आहे. यातलं काय एकमेकांत जाणार नाही ते सांगा." बंद करा किंवा चालू ठेवा असं विचारलं की वाद होतो. एकमेकांत काय जाणार नाही असं विचारलं की काम होतं. एक डॉक्टर तरीही चिडले. त्यांच्याकडे पुन्हा गेलो नाही.

खालच्या जोड्या यादीत दिसल्या तर मुद्दाम बोट ठेवून दाखवा :

- कारलं, मेथी, जांभूळ यांचे रस किंवा चूर्ण आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन : साखर फार उतरू शकते. भाजीतलं कारलं खुशाल खा, प्रश्न रोजच्या रसाचा आहे.
- जेष्ठमध आणि बीपी : रोज भरपूर घेतलं तर बीपी चढतं आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं. लघवीची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर जास्त धोका. खोकल्याच्या काढ्यात ते बऱ्याचदा असतं.
- लसूण, आलं, हळद यांच्या अर्काच्या कॅप्सूल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या : रक्तस्रावाची भीती. आमटीतल्या हळदीला कुणी घाबरू नये, नाहीतर शेजारचे सांगलीकर मला सोडायचे नाहीत. गोष्ट तीव्र अर्काची आहे.
- अश्वगंधा आणि थायरॉइडची किंवा झोपेची गोळी : थायरॉइडचे आकडे हलू शकतात, गुंगी वाढू शकते.
- इसबगोल आणि कुठलीही गोळी : गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. किती, ते विचारून घ्या. थायरॉइडची गोळी तर उपाशीपोटीच.
- गुळवेल रोज, महिनोन्महिने : कोविडच्या काळात असा काढा घेणाऱ्या काही जणांना यकृताचा त्रास झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. दोन्हींतलं काहीही असो, बांधावरून ओरबाडून आणलेली वेल नेमकी कोणती हे सांगता येणारा माणूस घरात आहे का, हा प्रश्न आपला.
- भस्म आणि रसकल्प (धातू-खनिजांपासून केलेली औषधं), ज्यांचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं आहे त्यांना : किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक चिमूटही नाही.

योगासनं-प्राणायाम व्हिडिओ बघून करणाऱ्यांसाठी एवढंच : बीपी जास्त असेल तर श्वास रोखून धरायचा नाही, काचबिंदू असेल तर शीर्षासन नाही. व्हिडिओतल्या माणसाला तुमचं बीपी माहीत नाही.

ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना यादी आधीच द्या, आदल्या रात्री नको. काही वनस्पतीजन्य औषधं आठवडा-दोन आठवडे आधी थांबवावी लागतात.

आणि चालू गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. वैद्यांच्या औषधानं साखर उतरली तर ती मापात दिसेल, आणि गोळी कमी करायची ती ज्यांनी दिली ते करतील. आमच्याकडे खरंच तसं झालं. चार महिन्यांत गोळीचा डोस पहिल्यावर आला. श्रेय कुणाचं यावर फिजिशियन आणि वैद्य दोघंही ठाम आहेत. आई म्हणते, तिनं रात्रीची बाजरीची भाकरी दोनावरून एकावर आणली त्याचं.

८. रोजची मापं

बीपी बघण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला टेकवलेला. त्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. मिनिटाच्या अंतरानं दोनदा बघा, दोन्ही आकडे लिहा. रस्त्यावरून आल्या आल्या, बोलत बोलत घेतलेलं माप उगाच घाबरवतं. मनगटी घड्याळातल्या बीपीवर औषध ठरवू नका.

साखर सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, किती दिवसांनी ते डॉक्टर सांगतील. एचबीएवनसी ही तीन महिन्यांची सरासरी. नवं चूर्ण सुरू करण्याआधी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा, म्हणजे फरक पडला की नुसतं वाटलं ते कळतं. बरेच दिवस काढा चालणार असेल तर यकृत आणि किडनीची तपासणीही त्याच वेळी करून घ्या.

७० च्या खाली साखर गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका.

वहीत लिहा आणि महिन्याच्या शेवटी त्या पानाचा फोटो आभात. ॲपमध्ये रोज आकडे भरायचा उत्साह आमच्याकडे नऊ दिवस टिकला.

९. विमा

१ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी आयुष उपचारांना इतर उपचारांसारखंच धरावं असा विमा नियामकाचा आदेश आहे. पण पॉलिसीचा कागद वाचाच. सहसा दाखल होऊन घेतलेले उपचारच धरले जातात. ओपीडीतलं चूर्ण आणि हवापालट म्हणून केलेलं पंचकर्म त्यात बसत नाही. रुग्णालय पॉलिसीतल्या आयुष रुग्णालयाच्या व्याख्येत बसतं का, ते दाखल होण्याआधी कंपनीला लेखी विचारा. आमच्या शेजाऱ्यांचा दावा नेमका याच मुद्द्यावर अडकला.

१०. औषधानं त्रास झाला तर

पुरळ, उलट्या, डोळे पिवळे, लघवी गडद, पायांवर सूज, काहीही झालं तर चूर्ण-काढा थांबवून (डॉक्टरांची चालू गोळी किंवा बरेच दिवस चाललेली पुडी मात्र विचारल्याशिवाय नाही) ज्यांनी दिलं त्यांना आणि तुमच्या डॉक्टरांना दोघांनाही लगेच कळवा. बाटली, पुडी, बिल जपून ठेवा. आयुर्वेदिक, युनानी, होमिओपॅथी औषधांच्या दुष्परिणामांची आणि फसव्या जाहिरातींची नोंद घेण्यासाठी आयुष मंत्रालयाची वेगळी यंत्रणा आहे. २०२५ च्या मे महिन्यापासून त्यासाठी 'आयुष सुरक्षा' नावाचं पोर्टलही आहे. बॅच नंबर नसेल तर तक्रारीत दम राहत नाही, म्हणून पहिल्या पायरीतले लेबलचे फोटो.

सध्या आईची यादी करायला घेतली आहे. थायरॉइडची गोळी, कॅल्शियम, गुडघ्याचं तेल, इथवर नीट चाललं होतं. मग तिनं दाराकडं बघून अण्णा बाहेर आहेत याची खात्री केली आणि हळूच विचारलं, "मिश्री बी लिवायची का गं?"

लिहिली. दोन वेळा, चाळीस वर्षं, कुणी सांगितलं : सासूबाईंनी.